‘कमळ’ नावाचा स्रोत

१२ ऑगस्ट, सोमवार

आज मांजरावरून भांडण झालं.

फाइलच्या पान सेहेचाळीसवर मिशन शाळेतल्या सिस्टर मार्गारेटच्या मांजराचा उल्लेख आहे, नावासकट. गुप्तचर खात्याच्या वतीनं आमच्याकडे येऊन बसणारे थान साहेब म्हणाले, नाव झाका. मी विचारलं, का?

"खाजगी माहिती आहे, चुंग ताई."

"कोणाची? मांजराची?"

थर्मासचं झाकण फिरवत ते शांतपणे म्हणाले, "मांजरावरून मालकीण ओळखता येते." मालकीण त्याच ओळीत नावानिशी बसली आहे हे मी बोट ठेवून दाखवलं. तर म्हणाले, "बरं झालं दाखवलंत. तेही झाकू."

सिस्टर जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली. मांजराचं तर विचारायलाच नको.

पेंग माझ्या हाताखाली लागला होता, आता तोच इथं अभिलेखागारात विभागप्रमुख आहे. निवृत्तीनंतर त्यानं मला कंत्राटावर परत बोलावलं तेव्हा म्हणाला होता, ताई, सोपं काम आहे, बसून वाचायचं. लष्करी कायद्याच्या काळात ज्यांच्यावर पाळत होती त्यांना आता आपली फाइल मागता येते. फाइल त्यांच्या हाती जाण्याआधी आम्ही एकेक पान वाचतो आणि चिठ्ठी लावतो: खुलं, अंशतः खुलं, बंद. झाकायचं तिथं काळी पट्टी. सोपं आहे खरं. थान साहेब नसते तर आणखी सोपं झालं असतं.

फायली चिठ्ठ्या टाकून वाटतात. ही माझ्या वाट्याला आली: वेन पेईलान, साहित्याच्या शिक्षिका, अटकेच्या वेळी वय तेहेतीस. शाळेचं नाव वाचलं आणि मिनिटभर पान उलटता आलं नाही. माझी शाळा. माझ्याच वर्गाच्या बाई.

सोबतच्या फॉर्मवर नेहमीचा प्रश्न असतो: ‘संबंधित व्यक्तीशी नाते, व्यवहार अथवा वैर?’ मी ‘नाही’वर खूण केली. नातं नाही, व्यवहार नाही, वैर असण्याचं कारण नाही. त्रेपन्न वर्षांपूर्वी वर्षभर बाकावर बसले म्हणून काही नातं होत नाही. आणि मी सोडली असती तर ही फाइल त्या नव्या तपासनिसाकडे गेली असती, जो थान साहेबांना कधी ‘का?’ असं विचारत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

वेन बाई आज स्वतः आल्या. अर्जदाराची एकदा भेट घ्यावी लागते.

शहाऐंशी वर्षांच्या आहेत. पाठ अजून सरळ, पण समोरचं फारसं दिसत नाही. मधलं सगळं पुसलेलं दिसतं, कडेकडेचं तेवढं दिसतं, असं म्हणाल्या. त्यामुळे बोलताना त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मी नाव सांगितलं नाही. ‘मी तपासणी अधिकारी’ एवढंच म्हटलं. नियमाप्रमाणे तेवढंच म्हणायचं असतं.

"मला सगळी फाइल नको," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल त्यांनी काय काय लिहिलं ते मला माहीत आहे, माझ्या तोंडावरच वाचून दाखवायचे. मला एक नाव हवंय. कोणी सांगितलं."

मी म्हटलं, स्रोतांच्या नावांबाबत खात्याची हरकत असते.

"असू दे. ऐका. शाळेच्या आवारात आम्हां शिक्षिकांच्या खोल्या होत्या. मी आणि को सूचिन, संगीत शिकवायची ती, एका खोलीत चार वर्षं राहिलो. माझी एक वही होती. वडिलांकडच्या पुस्तकातून एक कथा मी हातानं उतरवली होती. त्या लेखकावर तेव्हा बंदी. वही माझ्या गादीखाली असायची, आणि हे सूचिनखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. पोलीस आले त्या सकाळी मी गादी उचलली तर वही नाही. पाय फुटले तिला?"

"मग तुम्ही को बाईंना विचारलंत?"

"तीन वर्षं मला तुरुंगात ‘सुधारायला’ ठेवलं होतं, तिथून कशी विचारणार? सुटून आले तर ती शाळेत मुख्याध्यापिका होण्याच्या वाटेवर, आणि मी निर्यातीचे स्वेटर विणत. मला पुन्हा वर्गात कोणी उभं केलं नाही. विचारायचं काय राहिलं होतं? तिची पत्रं मी न फोडता परत केली."

मग म्हणाल्या, "ती आता तामसुईला वृद्धाश्रमात आहे. तब्येत बरी नाही असं कळलंय. ती असेल तर मी तिच्या अंत्यविधीलाही जाणार नाही. पण ती नसेल, तर मला ती जिवंत असताना जायला हवं. म्हणून नाव लवकर पाहिजे. कळलं का, अधिकारी बाई?"

कळलं. मी मुलींचा विषय काढला, कुणा विद्यार्थिनीनं काही… त्यांनी मान झटकली. "मुली काय सांगणार? मुली चांगल्या होत्या."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. वर्गात असताना त्यांच्या हाताचा स्पर्श कधी झाला नव्हता. हात अजून गरम आहे, खडूनं कोरडा पडल्यासारखा.

२१ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर ‘कमळ’ वाचलं. स्रोताचं हे टोपणनाव. एकूण चार अहवाल आहेत, सगळे शाळेत सरकारनं नेमलेल्या लष्करी शिक्षिका त्सुई बाईंमार्फत वर गेलेले. पहिला इथं उतरवून ठेवते, कारण थान साहेब त्यातलं किती शिल्लक ठेवतील सांगता येत नाही.

‘स्रोत कमळ कळवितो की, गुरुवारी चौथ्या तासाला सदर शिक्षिकेने खिडक्या लावून घेतल्या व निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतून एक कथा वाचून दाखविली. लेखकाचे नाव ग्रंथालयात शोधू नये, सापडणार नाही, असे सांगितले. वाचताना हातातील जेडचे कडे टेबलास लागून वाजत होते, ते त्यांनी काढून ठेवले. कथा संपली तरी घंटा झाल्याचे कोणास कळले नाही. स्रोतास घरी जावेसे वाटले नाही.’

सहा वर्षं मी हेरांचे अहवाल वाचते आहे. शेजाऱ्याकडे किती जोडे दिसले, कोण कोणाकडे जेवला, असलंच असतं. घरी जावंसं न वाटणारा हेर पहिल्यांदाच पाहिला.

मला खात्री वाटते, को बाईच. संगीताचा वर्ग आमच्या शेजारी होता, मधे लाकडी भिंत. कड्याचा आवाज टिपायला गाणाऱ्याचाच कान लागतो. आणि याचाच मला जास्त राग येतो. ज्याला एवढं कळतं, त्यानं मैत्रिणीला विकावं? ठोंब्यानं चहाडी केली तर एकवेळ समजू शकते.

झडतीच्या यादीत मात्र वही नाही. ‘वही: मिळाली नाही.’ मिळाली नाही कशी? बाईंच्या गादीखालून ती गेली आहे. यादीच्या तळाशी लिहिलंय, ‘पुरवणी पाकीट स्वतंत्र’. ते पाकीट आमच्याकडे आलेलं नाही. वही त्यातच असणार.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पाकीट मागितल्याला नऊ दिवस झाले. थान साहेबांचं उत्तर आज आलं: असं पाकीट अस्तित्वात नाही, कारण सदर शिक्षिका त्या वर्षी शाळेत नोकरीलाच नव्हत्या.

दोन तास डोकं खाजवलं. मग उलगडा झाला. आमच्याकडे सरकारी कागदावर गणराज्याच्या स्थापनेपासून मोजलेली वर्षं लिहितात. फाइलवर ‘साठावं वर्ष’ आहे, म्हणजे १९७१. त्यांच्या कारकुनानं संगणकात ते इसवी सन १९६० म्हणून भरलं. म्हणजे बाई शिक्षिका होण्याच्याही आधीपासून त्यांच्यावर पाळत होती, आणि पाकीट शोधलं ते भलत्याच कपाटात.

मी फोन केला. "थान साहेब, तुमच्या हिशेबानं मी तेव्हा पाच वर्षांची होते."

"तुमचा काय संबंध, ताई?"

"उदाहरण दिलं," मी म्हटलं.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चमधल्या मिस्साहून येताना शाळेवरून आले. सिस्टरांची इमारत पाडली, तिथं आता काचेचं काहीतरी आहे, पण कापराचं झाड ठेवलंय. त्याच्या सावलीत जरा वेळ बसले. आमच्या वेळी शनिवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा इतकी शांत व्हायची की झाडावरच्या बुलबुलाचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. कारण सगळ्या साप्ताहिक वही लिहीत असायच्या.

आताच्या मुलींना ती वही माहीत नसेल. आठवड्यातल्या घडामोडी, वाचन, आत्मपरीक्षण असे तीन रकाने. लिहून झालं की आधी वर्गशिक्षिका वाचून लाल शाईनं शेरा द्यायच्या, मग वह्यांचा गठ्ठा लष्करी शिक्षिकांकडे जायचा आणि जांभळा शिक्का घेऊन परत यायचा. बाकीच्या मुली वर्तमानपत्रातलं उतरवून काढायच्या. मी खरं खरं लिहायची. त्या वर्षी तीनदा माझी वही सर्वोत्तम ठरली. करड्या त्सुई बाईंनी सुद्धा एकदा मला बोलावून सांगितलं होतं, तुझं निरीक्षण चांगलं आहे, वर्गात जे जे दिसेल ते लिहीत जा. मी आठवडाभर हवेत होते. सिस्टर मार्गारेट म्हणाल्या, गर्व हे सात महापापांपैकी पहिलं. पण त्यांनीच मला त्यांच्या डब्यातली लिमलेटची गोळी दिली.

किती साधे दिवस होते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पौर्णिमेच्या सणाची सुट्टी. बहिणीकडचे चंद्रपोळीचे डबे संपता संपत नाहीत.

दुपारी वेन बाईंचा फोन आला. भेटीच्या वेळी ऑफिसनं त्यांना माझा नंबर दिला होता.

"अधिकारी बाई, सुट्टीला त्रास देते. दरवर्षी सणाला सूचिन मला पपनस पाठवते. पन्नास वर्षं. मी दरवर्षी परत पाठवते."

"यंदा नाही आलं का?"

"आलंय. पण खोक्यावरचा पत्ता शेजारच्या मुलीनं वाचून दाखवला आणि म्हणाली, आजी, या वर्षी अक्षर वेगळं आहे. सूचिननं स्वतः लिहिलेलं नाही." फोनवर श्वास ऐकू येत होता. "अजून किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, फाइलचं काम चालू आहे.

"हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणालात."

पपनसाचं काय केलंत, असं विचारलं नाही. परत पाठवलं नसावं. पाठवलं असतं तर सांगितलं असतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज काय खुलं करायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर थान साहेबांना मी सोडलं नाही. पेंग नंतर म्हणाला, ताई, तुम्ही टेबलावर हात आपटलात.

थान साहेबांचं म्हणणं तेच: स्रोताला शब्द दिलेला असतो, तो मोडला तर पुढं कोण बोलेल. मी म्हटलं, पुढं कोणी बोलू नये म्हणूनच तर लष्करी कायदा उठवला. ते म्हणाले, स्रोत म्हातारा असेल, त्याला नातवंडं असतील, त्यांच्यासमोर त्याची काय इज्जत राहील.

"आणि तुरुंगातून आलेल्या बाईची राहिली का?" मी विचारलं. "ती बाई पन्नास वर्षं एकाच माणसावर संशय घेऊन बसली आहे. तो माणूस दोषी असेल तर त्याचं तोंड झाकायला आपण नाही बसलो. दोषी नसेल, तर आपण रोज नवा अन्याय करतोय. ज्यानं हे लिहून दिलं, त्याला वाचणाऱ्यासमोर नावानिशी उभं राहू दे. मी असते तर राहिले असते."

अध्यक्षबाईंनी पाकीट दहा दिवसांत हजर करायला सांगितलं. मी जिंकले. घरी येताना वाटेत बीफचं सूप आणि शेवया खाल्ल्या, दोन वाट्या.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

वादळामुळे दोन दिवस ऑफिस बंद होतं. आज पाकीट आलं.

त्यात वही नाही. साप्ताहिक वहीच्या चार पानांचे फोटो आहेत. प्रत्येकावर जांभळा शिक्का, आणि कडेला त्सुई बाईंच्या हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘स्रोत कमळ म्हणून नोंदवावे. या तिमाहीत शाळेतून दुसरे काही नाही.’

अक्षर माझं आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

शनिवार-रविवार काही लिहिलं नाही. मिस्सालाही गेले नाही.

त्सुई बाईंना वर अहवाल पाठवायचे होते, आणि शाळेत हेर एकही नव्हता. मग त्यांनी माझ्या वहीतली वाक्यं उचलली, ‘मी’च्या जागी ‘स्रोत’ घातला, आणि वर पाठवली. ‘मला घरी जावंसं वाटलं नाही.’ ते मी लिहिलं होतं. पंधरा वर्षांची होते, आणि मला खरंच वाटलं नव्हतं.

आणि मी इथं दीड महिना ते वाचत बसले, त्यावर विनोद केले, को बाईंच्या कानावर आळ घेतला. भिंतीपलीकडून कडं काढून ठेवलेलं दिसत नाही, एवढंही डोक्यात आलं नाही.

सकाळी पेंगच्या खोलीत गेले आणि पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ताई, तुम्ही फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय."

"हो."

"त्या तुमच्या वर्गशिक्षिका होत्या."

"हो."

"मला एक सांगा, फॉर्म कशाला असतो?"

त्याला फॉर्म भरायला मीच शिकवलं होतं.

"समितीत टेबल आपटून, स्रोताला नावानिशी उभं करा म्हणालात. सगळं टिपणात आहे." त्यानं डोकं धरलं. "आता फाइल तुमच्याकडून काढावी लागेल. पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय, ते… बघू."

‘बघू’ म्हणजे काय ते मला माहीत आहे. तेही मीच शिकवलंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज घरच्या पत्त्यावर ऑफिसचं रजिस्टर पत्र आलं. ‘माननीय स्रोत’ म्हणून सुरुवात आहे. आपली ओळख अर्जदारास उघड करण्यास आपली संमती आहे किंवा नाही ते तीस दिवसांत कळवावे. न कळविल्यास नाव झाकले जाईल. हा मसुदा चार वर्षांपूर्वी मीच केला होता. ‘माननीय’ शब्दावर तेव्हा अर्धा दिवस वाद झाला होता.

संध्याकाळी थान साहेबांचा फोन. पहिल्यांदाच घरच्या नंबरावर.

"ताई, अधिकारी म्हणून बोलत नाही. तुमचा हक्क आहे. काही करू नका, तीस दिवस जाऊ द्या. पट्टी लागेल, कुणाला कळणार नाही. पंधरा वर्षांची पोर होता तुम्ही."

"आणि को बाई?"

"कोण को बाई?"

त्यांनी फाइल वाचलेलीच नाही. फक्त झाकायच्या जागा पाहिल्या आहेत.

पण खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर मी तासभर विचार करत बसले. तीस दिवस. मधेच कोणी गेलं तर विषयच संपला. वेन बाईंना सांगायचं, ‘नाव मिळत नाही, पण को बाई नव्हत्या, एवढं खात्रीनं सांगते.’ खोटं नाही ते. मग लक्षात आलं, त्या विचारतील, तुला कसं ठाऊक? आणि त्या थातुरमातुर उत्तर ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. दहावीतही नव्हत्या.

२० ऑक्टोबर, रविवार

संमतीवर सही करून काल टाकली. पण ऑफिस ती पंधरा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरवील. म्हणून आज मिस्सानंतर वेन बाईंच्या घरी गेले. माझ्या स्वतःच्या पानांची प्रत मागायचा मला हक्क आहे. ती पेंगनं शुक्रवारी काही न बोलता हातात ठेवली होती.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारातच मी नाव सांगितलं. चुंग यूफेन, दहावी, निष्ठा तुकडी, खिडकीकडची दुसरी रांग.

त्या माझ्या कानाकडे बघत राहिल्या. "आवाज ओळखीचा वाटत होता," एवढंच म्हणाल्या, आणि आत वळल्या.

मी सगळं एका दमात सांगितलं. शाळेत पापकबुलीच्या खोलीत सांगायचो तसं, जाळीकडे न बघता. त्यांनी मधे अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "वाच."

"काय?"

"पान वाच. तू लिहिलंस ते. त्यांनी लिहिलेलं नको."

वाचलं. कडं, खिडक्या, घंटा. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत आली आणि गेली.

"खाली शेरा असेल."

"आहे. लाल शाईत."

"वाच."

"‘लिहिणं जिवंत आहे. असेच डोळे उघडे ठेवून लिहीत जा.’ खाली तुमची सही."

"माझी?"

"हो, बाई."

त्यांनी हात पुढं केला. कागद घेऊन अगदी डोळ्याच्या कडेला नेला आणि मान तिरकी करून बराच वेळ पाहिला.

"म्हणजे मी हे वाचलं," त्या सावकाश म्हणाल्या. "शेरा मारला. आणि गठ्ठा उचलून स्वतःच्या पायांनी त्सुईच्या टेबलावर नेऊन ठेवला."

मी म्हटलं, तुमच्या ध्यानात आलं नसेल.

"न यायला काय झालं? सगळ्यांना माहीत होतं त्सुई वह्या कशासाठी वाचते. शहाणी असते तर तुला पान फाडायला लावलं असतं. पण छान लिहिलं होतंस. त्या गठ्ठ्यात बावन्न मुलींनी वर्तमानपत्रातून सेनापतींच्या वाढदिवसाची बातमी उतरवून काढली होती, आणि एकीनं हे. मास्तरीण होते मी. मला दुसरं काही दिसलं नसणार."

"बाई, मला क्षमा—"

"थांब. पंधरा वर्षांच्या मुलीवर मला रागावता येत नाही. पण तू आता सत्तरीला आलीस. दोन महिने मला ‘फाइलचं काम चालू आहे’ म्हणून सांगत होतीस. मी यूफेन, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"नियमात बसत नव्हतं."

"नियमात." त्यांनी कागद माझ्याकडे परत केला. "त्या वयात जास्त खरं लिहायचीस."

मी चहा केला. स्वयंपाकघरात खिडकीशी पपनस होतं, सोललेलं नाही, थोडं सुरकुतलेलं. बाई खोलीतून ओरडल्या, "तामसुईला भेटीची वेळ कधी असते, विचार."

फोन करून विचारलं. आज नाही, गुरुवारी सकाळी.

"चार दिवस," त्या चिडून म्हणाल्या. "आता हे चार दिवस काढायचे."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत, मग बस. बाई सगळ्या वाटेत एकदाच बोलल्या: "ती जिवंत आहे ना, सकाळी फोन केलास ना?" केला होता.

को बाई व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. झटका आला होता, बोलणं हळू झालंय. वेन बाईंना पाहून त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, "पपनस परत आणलंस?"

"नाही. मी खाल्लं असं समज. नाव कळलं मला. तू नव्हतीस."

"मला माहीत आहे मी नव्हते."

मी दाराशी थांबले. पुढं जाणं बरं दिसलं नसतं, मागं जाववत नव्हतं.

वेन बाई चाचपडत बाकावर बसल्या. "मग सांगितलं का नाहीस? एकदा तरी ओरडून सांगायचंस."

"पत्र लिहिलं. तू परत पाठवलंस. दुसरं लिहिलं. तेही. एक तरी फोडलंस का?"

"नाही."

"मग कशावर लिहू? पपनसावर कोरू?"

"वही?" बाई म्हणाल्या.

"जाळली. सिस्टरांच्या चुलीत, आदल्या संध्याकाळी. त्सुई तुझ्याबद्दल विचारत फिरत होती, मला भीती वाटली. तुला सांगितलं असतं तर तू जाळू दिली नसतीस."

"नसती दिली."

"सिस्टर म्हणाल्या, आज भाताला कसला धूर लागलाय. मी म्हटलं, ओली लाकडं."

को बाईंचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. वेन बाईंनी कडेनं पाहून तो शोधला आणि त्याच्यावर आपला ठेवला, थोडा चुकून, मनगटावर. "त्रेपन्न वर्षं," त्या म्हणाल्या, कोणावर तरी फार वैतागल्यासारख्या. को बाई म्हणाल्या, "तू लहानपणापासूनच अशी असणार." मग त्या कथेचा शेवट काय होता यावरून दोघींचं लागलं. वही नाही, त्यामुळे निकाल लागेना. जेवणाची घंटा झाली तरी चालूच होतं. शेवटी नर्स येऊन म्हणाली, आजी, सूप थंड होतंय.

येताना बसमधे वेन बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी पुन्हा. मला गाडीचा नंबर दिसत नाही. तू न्यायचंस."

"हो, बाई."

"ऑफिसातून रजा मिळेल ना?"

"ऑफिस पुढच्या महिन्यात संपतंय."

"बरं झालं. आणि आम्ही भांडायला लागलो की तू बागेत जाऊन बसायचंस. आज दारातून ऐकत होतीस, मला कडेनं दिसत होतं."

"हो, बाई."

नदीच्या बाजूला ऊन होतं. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपल्या. स्टेशन आल्यावर न उघडताच म्हणाल्या, "यूफेन, आता घरी जाऊन हे सगळं लिहून काढू नकोस."

मी हो म्हटलं नाही.